दाताचं मूळ आतल्या आत विरघळतंय का, कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

या जानेवारीत मानेवाड्याहून एक आई तिच्या अकरा वर्षाच्या मुलाला घेऊन आली, म्हणे मॅडम, पुढचा एक दात काळपट दिसून राहिला, दुखत बिखत काही नाही, फक्त साफ करून द्या. मी एक्स-रे काढला. शेजारच्या दाताचं मूळ कसं छान लांब, गाजरासारखं निमुळतं, आणि याचं जेमतेम निम्मं राहिलेलं, दोन्ही कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या आणि बाजूच्या हाडात काळे डाग. कधी मार लागला होता का विचारलं तर आई लगेच नाही म्हणाली, पोरगाच म्हणाला, अगं आई तान्ह्या पोळ्याला नाही का, माझा नंदी घेऊन पळताना पडलो होतो, लाकडी नंदीचं डोकं तोंडावर आदळलं होतं. तेव्हा हिरडीतून थोडं रक्त आलं, बर्फ लावला, दुसऱ्या दिवशी शाळेत गेला, विषय संपला. म्हणजे चार-पाच महिन्यांत निम्मं मूळ गेलं आणि त्या लेकराला एक दिवस दुखलं नाही.

मी नागपुरात गेली चौदा वर्षं मुख्यतः रूट कॅनलचंच, म्हणजे दाताची नस काढून मूळ आतून साफ करून भरायचं काम करते आणि असे दात पाहून अजूनही जीव तुटतो, कारण यातले बरेच वाचू शकतात, फक्त वेळेत कोणीतरी एक्स-रे काढायला पाहिजे असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी हे काय आहे ते. डॉक्टर याला रिसॉर्प्शन म्हणतात. दुधाचे दात पडतात तेव्हा त्यांना मूळ जवळपास नसतंच हे तुम्ही बघितलं असेल, नुसता वरचा तुकडा हातात येतो. ते मूळ कुठे जातं? शरीराच्याच पेशी ते खाऊन टाकतात, जुनं हाड खाऊन नव्याला जागा करून देणाऱ्या पेशी असतात ना त्यांचीच भावंडं. दुधाच्या दातांमध्ये हे व्हायलाच पाहिजे. पक्क्या दाताच्या मुळाला मात्र बाहेरून आणि आतून एकेक पातळ संरक्षक थर असतो, तो शाबूत असेपर्यंत या पेशी दाताला हात लावत नाहीत. मार लागून, दाब पडून किंवा इन्फेक्शनने तो थर खरचटला आणि त्यात भर म्हणून जंतू किंवा दाब चालूच राहिला, की या पेशी मुळाला चिकटतात आणि खायला लागतात. ही कीड नाही. किडीत जंतूंचं ॲसिड दात पोखरतं, इथे जंतू फक्त चिथावणी देतात आणि खाणारं आपलंच शरीर असतं, त्यामुळे कितीही ब्रश करा, लवंग तेल लावा, कॅल्शियमच्या गोळ्या खा, हे थांबत नाही. गोळ्यांचं मुद्दाम सांगते कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधी दोन-तीन महिने गोळ्या खाऊन आलेले असतात आणि तेवढ्यात मूळ अजून गेलेलं असतं.

घरी बसून काय कळतं

खरं सांगायचं तर फार थोडं, आणि हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. तरी काही खुणा आहेत. दातावर, विशेषतः हिरडीजवळ, गुलाबी ठिपका दिसतो, आतली रक्ताळलेली गादी पातळ झालेल्या दातातून झिरपल्यासारखी दिसते. एका कॉलेजच्या मुलीची आई तो ठिपका लिपस्टिकचा डाग समजून रोज तिच्यावर ओरडायची, मुलीने घासून घासून हिरडी सोलून घेतली पण डाग जाईना, तेव्हा दाखवायला आल्या. तर असा डाग ब्रशने गेला नाही तर त्याच आठवड्यात दाखवा. दुसरी खूण म्हणजे एकटाच दात काळपट किंवा राखाडी होत जाणं. तिसरी, हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, परत येते. आणि चौथी खूण वाढत्या वयाच्या मुलांची, कधीकाळी मार लागलेला एक दात बाजूच्या दातांपेक्षा आखूड दिसायला लागणं, आई-बाबांना वाटतं दात वर चढला, प्रत्यक्षात बाजूचे दात वाढीबरोबर खाली येत असतात आणि हा हाडाला चिकटून जागीच राहिलेला असतो.

यातलं काहीच दिसत नसेल पण दाताला कधी जोराचा मार लागलाय, दात सरळ करायला तारा लावल्या होत्या किंवा चालू आहेत, रूट कॅनल झालेला दात आतून औषध ठेवून पांढरा करून घेतलाय, अक्कलदाढ आडवी अडकलीय किंवा सुळा आलाच नाही, तर तुम्ही धोक्याच्या यादीत आहात असं धरून एक एक्स-रे काढून घ्या. मुलांच्या सुळ्यांचं तर नक्की बघा. वरचा पक्का सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो पण दहाव्या वर्षाच्या आसपास ओठाखाली हिरडीवर बोट फिरवलं की त्याचा उंचवटा दोन्हीकडे लागायला पाहिजे. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, तर तो आडवा येऊन शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ खात असू शकतो, आणि हे वरून बघून कोणालाच कळत नाही.

डॉक्टरकडे काय काय व्हायला पाहिजे

जाताना दोन गोष्टी घेऊन जा. एक म्हणजे जुने एक्स-रे, मोबाईलवर काढलेला फोटो असला तरी चालतो, कारण मूळ किती वेगाने गेलं हे जुन्याशी ताडून बघितल्यावरच समजतं. दुसरी म्हणजे मार लागल्याची तारीख. नेमकी आठवत नसेल तर सणावरून लावा, पोळ्याच्या आधी का नंतर, दिवाळीच्या सुट्टीत का उन्हाळ्याच्या, असं केलं की बहुतेकांना आठवतं.

मग तपासणी. डॉक्टर बर्फासारखी थंड कापसाची गोळी दाताला लावून बघतील की आतली नस जिवंत आहे का. लावलं आणि दोन सेकंदात झिणझिणी येऊन गेली म्हणजे नस बहुतेक ठीक आहे, काहीच जाणवलं नाही तर मेली असण्याची शक्यता जास्त. बाजूच्या दातालाही लावायला सांगा म्हणजे फरक कळतो.

मग टिचकी. आरशाच्या दांडीने दातावर हळूच ठोकतात. चांगल्या दाताचा आवाज दबका येतो, टक टक, कारण दात आणि हाडाच्या मध्ये धाग्यांची एक पातळ गादी असते, ती धक्का शोषून घेते. ती गादी जाऊन दात हाडाला थेट चिकटला असेल तर आवाज खणखणीत येतो, स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवल्यासारखा, आणि तो दात बोटाने हलवायला गेलं तर तीळभर हलत नाही. शिकत असताना आमच्या सरांनी डोळे मिटून दात ओळखायला लावले होते, नुसत्या आवाजावर, आणि मी आजही ठोकताना डोळे मिटते.

हिरडीजवळ खड्डा असेल तर टोकदार प्रोबने, म्हणजे बारीक सळईने टोचून बघतात. कीड असेल तर खड्डा मऊ लागतो, प्रोब रुततो. रिसॉर्प्शनचा खड्डा कडक, खरखरीत लागतो आणि लगेच भळकन रक्त येतं. हा फरक न बघता कीड समजून सिमेंट भरून दिलेले दात माझ्याकडे येतात, वरून फिलिंग चकचकीत आणि खाली खाणं चालूच.

आता एक्स-रे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा आणि न लाजता विचारा, की एकच एक्स-रे पुरेसा नाही, तोच दात मशीन थोडं बाजूला सरकवून दुसऱ्या कोनातूनही काढायला पाहिजे. खड्डा मुळाच्या आतल्या नळीत असेल तर कोन बदलला तरी तो नळीलाच धरून राहतो, कडा गुळगुळीत, नळी मध्येच फुग्यासारखी फुगलेली. खड्डा बाहेरच्या बाजूला असेल तर कोन बदलला की तो नळीपासून सरकतो आणि नळीची रेघ त्याच्यामधून सरळ जाताना दिसते. या एका गोष्टीवर पुढचा सगळा उपचार ठरतो. तरीही शंका राहिली किंवा उपचार करायचाच ठरला तर सीबीसीटी, म्हणजे दातांचा थ्रीडी स्कॅन. तो तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन करायला सांगा, पूर्ण जबड्याचा दरवेळी लागत नाही आणि रेडिएशनही कमी होतं. साधा एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच, मागचा खड्डा आणि पुढचा खड्डा एकावर एक दिसतात, स्कॅनमध्ये खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, आरपार गेलाय का, हे कळतं. चार पैसे जास्त लागतात पण यात मी काटकसर करू देत नाही.

प्रकार कुठला त्यावर उपचार

खड्डा आतून असेल तर गोष्ट सरळ आहे आणि घाईची आहे. त्या पेशींना रक्त मिळतं ते आतल्या जिवंत नसेतून, ती नस काढली की त्यांचा दाणापाणी बंद, म्हणून रूट कॅनल करायचं, लगेच. काम थोडं किचकट असतं कारण फुगलेल्या खड्ड्यात सुया पोचत नाहीत, तिथे हायपोक्लोराईट या जंतुनाशकाने आणि अल्ट्रासॉनिक म्हणजे कंपनाच्या मशीनने धुवावं लागतं, बरेचदा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून पुढच्या सिटिंगला बोलावतात आणि मग गरम करून मऊ केलेलं गटापर्चा, रबरासारखा पदार्थ असतो तो, दाबून भरतात. खड्डा आरपार झाला असेल तर तिथे एमटीए किंवा बायोडेंटिन ही खास सिमेंटं भरतात. एमटीए हे सिमेंट १९९० च्या दशकात आलं आणि त्याच्यामुळे असे कितीतरी दात वाचायला लागले जे आधी सरळ उपटले जायचे. पुढचा दात असेल तर डॉक्टरना रंगाबद्दल विचारा, करड्या एमटीएने दात काळवंडतो.

मार लागल्यावर नस मरून बाहेरून मूळ खाल्लं जातं तो प्रकार सगळ्यात वेगाचा, आणि मुलांमध्ये तर फारच. त्या नंदीवाल्या मुलाचा हाच. यात मेलेल्या नसेतले जंतू मुळाच्या बारीक नळ्यांमधून बाहेर पाझरतात आणि खाणाऱ्या पेशींना चेतवत राहतात, त्यामुळे आतून साफ केलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवलं की बहुतेक वेळा थांबतं. गेलेलं मूळ परत येत नाही, पण हाड भरून येतं आणि उरलेल्या मुळावर दात वर्षानुवर्षं राहू शकतो.

हिरडीच्या कडेपासून आत पसरणारा प्रकार, गुलाबी ठिपका असतो बरेचदा तोच, तो फसवा आहे. तोंड बारीक असतं आणि आत वडाच्या मुळांसारखा पसरलेला असतो, तरी नस शेवटपर्यंत जिवंत असते कारण नळीभोवतीचा थर तो सहसा सोडून देतो. यात छोटा आणि वरचा असेल तर हिरडी थोडी उघडून खड्डा खरवडायचा, ९० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड अगदी थोडं, हिरडी झाकून लावायचं म्हणजे राहिलेल्या पेशी मरतात, आणि मग फिलिंग. नसेपर्यंत पोचला असेल तर सोबत रूट कॅनल. मुळात खूप खोल उतरला असेल तर माझं प्रामाणिक मत, उगाच हिरडी-हाड कापत बसू नये, त्रास होत नसेल तर दर सहा महिन्यांनी बघत राहावं आणि चालेल तेवढं चालू द्यावं, काढून टाकायची वेळ आली तर तेव्हा काढावा. हे ऐकून पेशंट नाराज होतात, की पैसे द्यायला तयार आहे तर करा ना काहीतरी, पण काहीतरी करण्याने दात आधी जातो असे मी पाहिलेत.

दात हाडाला चिकटून हळूहळू हाडच त्याची जागा घेतं, तो खणखणीत आवाजाचा प्रकार, त्याला थांबवणारा उपचार नाही. मोठ्या माणसात हे दहा-दहा वर्षं चालतं, दात वापरत राहा. मुलांमध्ये मात्र दात आखूड पडत जातो आणि जबड्याचं हाडही तिथे वाढत नाही, म्हणून बघत न बसता ठराविक वेळी दाताचा वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवतात, १९८४ पासूनची पद्धत आहे ही, डीकोरोनेशन म्हणतात. मूळ हाडात विरून जातं पण हाडाची रुंदी टिकते आणि मोठेपणी इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताला, जागा राहते. वाढ पूर्ण व्हायच्या आधी इम्प्लांट बसवून देतो असं कोणी म्हटलं तर तिथून उठा.

तारांमुळे होणारं थोडक्यात, कारण ते बहुतेकांचं किरकोळ असतं, मुळाची टोकं जराशी बोथट होतात आणि तारा काढल्या की थांबतं. तारा लावल्यावर साधारण ६ महिन्यांनी पुढच्या दातांचा एक एक्स-रे मागून घ्या. जास्त दिसलं तर दोन-तीन महिने दाब बंद ठेवून परत हळू सुरू करतात. घाबरून तारा उपटून टाकू नका. आणि अडकलेला सुळा किंवा अक्कलदाढ दाबत असेल तर दाबणारा दात हलवला किंवा काढला की खाणं सहसा थांबतं.

दात पूर्ण निघून हातात आला तर

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथली पहिली पंधरा मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतात, तुमच्या असतात. मुळावरच्या त्या धाग्यांच्या पेशी कोरड्यात तासाभरात मरतात, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत दात तसाच उघडा ठेवणं किती वाईट हे वेगळं सांगायला नको. एका मुलाचा दात मैदानात पडला, मोठ्या माणसांनी काळजीने रुमालाने पुसला, कागदात गुंडाळला, आणि तीन तासांनी माझ्याकडे आणला. मी बसवला, पण तो आज ना उद्या हाडाला चिकटणार हे मला त्याच दिवशी माहीत होतं. कोणाची चूक नव्हती, कोणी सांगितलंच नव्हतं.

तर पक्का दात असेल तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाने धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने हलकं धुवायचं आणि शक्य असेल तर तिथेच खाचेत परत बसवायचा, बाजूच्या दातांशी ताडून, आणि स्वच्छ रुमाल चावून धरायचा. हिंमत होत नसेल तर थंड दुधात टाका. आपल्याकडे प्रत्येक चौकात चहाची टपरी आहे, तिथे अर्धा कप कच्चं थंड दूध मागा, कोणी नाही म्हणत नाही, आणि सरळ डेंटिस्टकडे. दूध नाहीच मिळालं तर मुलाची थुंकी एका भांड्यात घेऊन त्यात ठेवा. पाण्यात ठेवणं चांगलं नाही, पण कोरडं ठेवण्यापेक्षा बरं. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

बसवल्यावर साधारण दोन आठवडे लवचिक तारेने बाजूच्या दातांना बांधून ठेवतात, आणि मूळ पूर्ण तयार झालेला दात असेल तर त्या दोन आठवड्यांतच रूट कॅनल सुरू झालं पाहिजे. हे टळलं की मघाशी सांगितलेला वेगाचा प्रकार सुरू होतो. मूळ अजून तयार होत असलेल्या लहान मुलांत नस परत जिवंत व्हायची संधी असते म्हणून थांबतात, पण डोळ्यात तेल घालून. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

कुठे जायचं, तर पैशाची अडचण असेल तर मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडकडेही दंत महाविद्यालयं आहेत, वेळ जातो, रांगा असतात, पण तिथे रूट कॅनल, हिरडी, मुलांचे दात असे वेगवेगळे विभाग एकाच छताखाली असतात आणि या आजारात ते कामी येतं. खासगीत जात असाल तर रूट कॅनलचं एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पुढची पदवी, केलेले डॉक्टर बघा आणि सुरुवातीलाच विचारा, हा कुठला प्रकार आहे, खड्डा आत का बाहेर, आरपार गेलाय का, काहीच केलं नाही तर काय होईल. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय ना रूट कॅनल करून घ्या ना दात काढून घ्या. घाई आहे म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच खुर्चीत नाही.

उपचार झाला की पेशंट परत येत नाही, हे आमचं रोजचं आहे. मार लागलेल्या दाताचा एक्स-रे ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी, वर्षाने आणि मग निदान पाच वर्षं दरवर्षी एकदा काढायचा असतो. फोटो मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, वर तारीख टाका, डॉक्टर बदलला, शहर बदललं तरी ते सोबत राहतात.

त्या मुलाचं रूट कॅनल जानेवारीतच सुरू केलं, तीन महिने औषध ठेवलं. एप्रिलच्या एक्स-रेत हाडातले काळे डाग बरेच भरून आलेले दिसले आणि मूळ जानेवारीत होतं तेवढंच, एक मिलिमीटरही कमी नाही. मग पक्कं भरून दिलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्याच्या आईला दाखवले, तिने ते दोन्ही मोबाईलमध्ये काढून घेतले. पुढचा एक्स-रे पोळ्याच्या आठवड्यात आहे.